गाभ्याच्या शोधातला माणूस

भाईंदरच्या आमच्या घरी फ्रिजच्या दारातल्या वरच्या खणात, लोणच्याच्या बरणीशेजारी, इन्शुलिनची कुपी असते. रोज सकाळी ती बाहेर काढायची, दोन तळहातांमध्ये धरून हलकेच घोळवायची, तळाशी बसलेला पांढरा साका वर येऊन सगळे पाणी दुधाळ झाले की सिरिंजमध्ये ओढायचे, हा माझा गेल्या अकरा वर्षांचा परिपाठ आहे. हे दूध कशाचे, हा प्रश्न चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आम्ही नव्या पोरांना शिकवत आलो. पण प्रश्न पडला तो मागच्या पावसाळ्यात, कुपीच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी भिंग लावून वाचताना. तिच्यात प्रोटामिन असा एक शब्द होता.

हे प्रोटामिन माशापासून काढतात. सामन किंवा ट्राउट जातीच्या नर माशाच्या पोटात जो पांढरा वीर्यपिंड असतो, त्यातले ते प्रथिन. (हा सामन म्हणजे आपला रावस नव्हे. हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला इंडियन सामन म्हणण्याची पद्धत आहे, पण दोघांचे कूळ निराळे.) उत्तनच्या कोळणी गाबोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंडी, भाव करून विकतात, नराच्या पोटातला तो पांढरा लोळा मात्र बहुधा मांजरांच्या वाट्याला जातो. डेन्मार्कमधल्या हागेडॉर्न नावाच्या डॉक्टरांनी १९३६ साली हे प्रथिन इन्शुलिनमध्ये मिसळले. त्यामुळे इन्शुलिन शरीरात एकदम न विरघळता सावकाश उतरू लागले आणि दिवसातून अनेकदा टोचून घेण्याची पाळी टळली. हृदयावरच्या शस्त्रक्रियेत रक्त पातळ ठेवण्यासाठी दिलेल्या हेपारिनचा परिणाम उतरवायलाही हेच प्रोटामिन वापरतात.

माशाच्या शुक्रपेशीत हे प्रथिन करीत काय होते, याचा माग काढत गेलो आणि अल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाशी येऊन थांबलो. १९१० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांचे नाव आज पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येते. डीएनएची चार अक्षरे शाळकरी पोरेही घोकतात. त्यांतली तीन या माणसाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली, हे मात्र ती पोरे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक असेलच असे नाही.

कोसेल यांचा जन्म १६ सप्टेंबर १८५३ चा, बाल्टिक समुद्राकाठच्या रोस्टॉक या बंदराच्या गावातला. वडील व्यापारी आणि प्रशियाचे वकील. मुलाला नाद होता झाडापानांचा. शिक्षण मात्र वैद्यकाचे झाले आणि त्यासाठी ते १८७२ साली स्ट्रासबुर्गला गेले. हे शहर वर्षभरापूर्वीच फ्रान्सकडून जर्मनीकडे आलेले. विद्यापीठ नव्याने उभारलेले आणि शिक्षक एकाहून एक नामांकित. वनस्पतिशास्त्राला डी बारी, रसायनाला बायर, शरीररचनेला वाल्डायर. ज्याला आपण मराठीत गुणसूत्र म्हणतो त्या क्रोमोसोमचे बारसे पुढे १८८८ साली याच वाल्डायर यांनी केले. पण कोसेल रमले ते फेलिक्स होपे-सायलर यांच्या प्रयोगशाळेत.

होपे-सायलर हे मोठे खमके प्रकरण असावे. त्यांच्या हाताखाली ट्युबिंगेन येथे फ्रीडरिख मीशर या स्विस तरुणाने १८६९ साली, शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या गोळा करून, त्या पुवातल्या पेशींच्या केंद्रकातून एक अनोळखी, फॉस्फरस असलेला पदार्थ वेगळा केला. त्याने त्याला न्यूक्लीन म्हटले. गुरुजींनी शिष्याचा निबंध लगेच छापला नाही. आधी सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले, पडताळा आल्यावरच १८७१ साली तो आपल्या नियतकालिकात घातला. बँकेत याला दुसरी सही म्हणतात. पुढे मीशर बाझेलला गेला, ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांकडे वळला आणि १८७४ साली त्यांच्या शुक्रपेशींतून त्याने प्रोटामिन काढले. माझ्या कुपीतले दूध ते हेच.

कोसेल यांनी मीशरचा हा धागा उचलला. १८७७ साली रोस्टॉकला परीक्षा दिली, पुन्हा स्ट्रासबुर्गला येऊन होपे-सायलर यांचे सहायक झाले आणि न्यूक्लीन म्हणजे नेमके काय, हे फोडून पाहायला लागले. भुकेच्या वेळी उपयोगी पडणारा हा पेशीतला साठा असावा, असे तेव्हा काहींना वाटे. कोसेल यांचा निष्कर्ष वेगळा निघाला: याचा संबंध साठवणीशी नाही, नवीन ऊतक तयार होण्याशी आहे. १८८३ साली दु ब्वा-रेमों यांनी त्यांना बर्लिनला बोलावून शरीरक्रियाविज्ञान संस्थेच्या रसायन विभागाचे प्रमुख केले आणि पुढची बारा वर्षे या विभागाच्या टेबलावर जे काही येऊन पडले, त्यातले बरेचसे खाटिकखान्यातले आणि कोंबड्या-बदकांच्या बाजारातले होते.

पहिले आले हंसाचे रक्त. माणसाच्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, पक्ष्यांच्या असते, म्हणून हंस. कोसेल यांनी ती केंद्रके वेगळी केली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घातली, तेव्हा त्यांतून एक प्रथिन सुटून आले. १८८४ साली त्यांनी त्याला हिस्टोन हे नाव दिले. वय तेव्हा तीस-एकतीस. पुढच्या वर्षी बैलाच्या स्वादुपिंडातून अ‍ॅडेनिन. १८९३ साली वासराच्या थायमस ग्रंथीतून, आल्बर्ट नॉयमान यांच्यासह, थायमिन. त्याच कामातून सायटोसिन. चौथे ग्वानिन पक्ष्यांच्या विष्ठेतून पूर्वीच सापडलेले होते, ते न्यूक्लीनमध्येही आहे हे त्यांनी दाखवले. आरएनएतले युरॅसिल १९०० साली त्यांच्याच प्रयोगशाळेत आस्कोली या इटालियन विद्यार्थ्याच्या हाती लागले. म्हणजे पाचही अक्षरांची या घराशी ओळख.

१८८६ साली त्यांचे लग्न झाले, आणि इथे आपल्या वाचकांचे कान टवकारतील असा एक तपशील आहे. पत्नी लुइझे ही हायडेलबर्गचे प्राध्यापक आडोल्फ होल्ट्समान यांची मुलगी. हे होल्ट्समान जर्मन साहित्य शिकवीत आणि संस्कृतही. १८४० च्या दशकात त्यांनी महाभारतातल्या कथा जर्मनमध्ये आणल्या. लग्नाआधीच, १८७० साली, ते वारले होते, त्यामुळे सासरे-जावई एकत्र बसल्याचा प्रसंग काही रंगवता येत नाही. पण या घराण्याला एक ध्यास होता. आजच्या लाख श्लोकांच्या महाभारतात कुठेतरी एक छोटे, जुने, अस्सल भारत दडलेले आहे आणि बाकीची नंतरची भर आहे. त्या मूळ काव्यात कौरव नायक होते, पांडवांची बाजू पुढे उजळण्यात आली, असा तर्क होल्ट्समान यांनी मांडला आणि त्याच नावाच्या त्यांच्या पुतण्याने चार खंडांत वाढवला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी पुढे या तर्काचा खरपूस समाचार घेतला. साल सोलून आत बी निघते तसे महाभारताचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आता गंमत अशी, की जावईही याच सुमारास बी शोधत होते. १८९५ साली कोसेल मारबुर्गला प्राध्यापक झाले. माशांच्या प्रोटामिनांचे पृथक्करण तिथे जोरात सुरू झाले. प्रत्येक जातीचे प्रोटामिन निराळे, म्हणून नावेही माशांवरून: सामनचे साल्मिन, तारलीच्या कुळातल्या हेरिंगचे क्लुपीन, स्टर्जनचे स्टुरिन, आणि आपल्या बांगड्याचा जो युरोपीय भाऊबंद आहे त्याचे स्कॉम्ब्रिन. उत्तनच्या धक्क्यावर या यादीचे कुणाला नवल वाटणार नाही. १८९६ साली स्टुरिनमधून त्यांना हिस्टिडिन हे नवे अमिनो आम्ल मिळाले. स्वीडनच्या हेडिन यांनाही ते त्याच वर्षी सापडले. ही प्रोटामिने रचनेने अगदी साधी, आर्जिनिनने ठासून भरलेली. त्यावरून कोसेल यांनी तर्क बांधला की जगातल्या प्रत्येक प्रथिनाच्या आत एक प्रोटामिनचा गाभा असला पाहिजे. बाकीचे सगळे त्याच्याभोवती चढलेले थर. जर्मन भाषेत बी, गाभा आणि पेशीचे केंद्रक यांना एकच शब्द आहे, केर्न. शब्दाने भुरळ घातली की काय, कोण जाणे.

तर्क चुकीचा ठरला. असा सामाईक गाभा प्रथिनांत नसतो. सासऱ्यांच्या घराण्याला महाभारतात जो मिळाला नाही, तो जावयालाही प्रथिनांत मिळाला नाही. पण माझ्या मते कोसेल यांचा मोठेपणा या चुकीतही आहे. गाभा शोधता शोधता त्यांनी प्रथिनांचे तुकडे मोजण्याच्या पक्क्या रीती बसवल्या. कुठले अमिनो आम्ल किती, हे त्यांच्यामुळे वजनात सांगता येऊ लागले. जमाखर्च बरोबर लिहिलेला असला की मालकाचा अंदाज चुकला तरी वही उपयोगी पडते.

१९०१ साली ते हायडेलबर्गला, पत्नीच्या माहेरच्या गावी गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. होपे-सायलर १८९५ साली वारल्यानंतर त्यांच्या नियतकालिकाचे संपादन कोसेल यांच्याकडे आले होते. ते त्यांनी मरेपर्यंत केले. नोबेलनंतर, १९११ साली, पत्नी आणि मुलगी गेर्ट्रूड यांना घेऊन अमेरिकेत व्याख्याने देऊन आले. १९१३ साली लुइझे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने गेल्या. ज्या इंद्रियातून त्यांच्या नवऱ्याने अ‍ॅडेनिन काढले, तेच.

नंतर युद्ध आले. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या ९३ विद्वानांनी आपल्या सैन्याची बाजू घेणारे, बेल्जियममधले अत्याचार नाकारणारे पत्रक सह्यांनिशी काढले. त्यात प्लांक आहेत, हाबर आहेत, रोंट्गेन आहेत. कोसेल यांचे स्ट्रासबुर्गचे दोन गुरू, बायर आणि वाल्डायर, तेही आहेत. कोसेल यांची सही नाही. पण खरी कसोटी पुढे होती. इंग्रजांच्या नाकेबंदीने जर्मनीत अन्नाचे हाल झाले. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचेही पीक बुडाले आणि लोक गुरांना घालायच्या कंदांवर जगले. तेव्हा रेशनवर मिळते तेवढे अन्न माणसाला पुरेसे आहे, असे कोसेल यांनी जाहीर करावे, अशी सरकारची अपेक्षा होती. शरीराला किती प्रथिन लागते हे या माणसाने सांगितले असते तर देशाने ऐकले असते. त्यांनी नकार दिला. जे खरे नाही ते खरे म्हणून सांगितले नाही. त्यासाठी सभा घेतली नाही की पत्रक काढले नाही. स्वभावाने ते मितभाषीच होते.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका ३१ मार्चला, ज्या शाखेचे नाव मी सांगणार नाही तिथे, एक बुडीत कर्ज नव्या कर्जातून फेडलेले दाखवणाऱ्या पत्रकावर माझी सही आहे. वरून फोन होता. नोकरी होती, मुलगी दहावीत होती. कुणाच्या पोटावर त्याचा पाय पडला नसेल, असे मी मनाला सांगत आलो. कोसेल यांनाही मुलगा-मुलगी होती आणि वरून आलेला हुकूम आमच्या रीजनल मॅनेजरच्या फोनपेक्षा जड होता.

त्यांचा मुलगा वाल्टर पदार्थवैज्ञानिक झाला. १९१६ साली, त्या युद्धाच्या ऐन मध्यात, त्याने धन आणि ऋण भारांच्या ओढीने अणू एकमेकांना कसे धरून राहतात याचा सिद्धांत मांडला. आता बापाचे हिस्टोन आणि मुलाचा सिद्धांत शेजारी ठेवून पाहावेत. हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन भरपूर, म्हणून त्याच्यावर धन भार. डीएनएचा कणा फॉस्फेटचा, म्हणून ऋण. या दोघांची मिठी मुख्यतः त्या ओढीची आहे. दाट मिठाच्या पाण्यात घातले तर मीठ मध्ये शिरते आणि मिठी सुटते. आमच्या मिठागरांत भरतीचे पाणी आटत आटत दाट होते, तसल्या पाण्यात.

१९२३ साली एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला सत्तरीचे कोसेल जर्मनीच्या वतीने गेले आणि तिथे त्यांना मानद पदवी मिळाली. पुढच्या वर्षी निवृत्त झाले. काम चालूच होते. ५ जुलै १९२७ रोजी हृदयविकाराने ते गेले. प्रोटामिने आणि हिस्टोने यांवरचे त्यांचे पुस्तक १९२८ साली लंडनहून इंग्रजीत निघाले, ते त्यांनी पाहिले नाही.

त्यांच्यामागे हिस्टोनच्या वाट्याला जे आले ते समजायला पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण उपयोगी पडते. तिथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात. पेशीच्या केंद्रकात डीएनए म्हणजे कागद आणि हिस्टोन म्हणजे रुमाल. कोसेल गेले तेव्हा, आनुवंशिकतेचा मजकूर प्रथिनांतच असणार, डीएनए त्यासाठी फार साधे आहे, असा बहुतेकांचा ग्रह होता. रुमालालाच लोक कागद समजत होते. एव्हरी यांच्या १९४४ च्या प्रयोगाने तो ग्रह डळमळला, १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचा पीळ उलगडला आणि कोसेल यांची अक्षरे जगप्रसिद्ध झाली. मग सगळे उलटे झाले. मजकूर कागदावर आहे ना, मग फडक्याकडे कोण पाहतो? हिस्टोन म्हणजे नुसते बांधायचे कापड, असे होऊन बसले.

पण बांधायचे म्हणजे किती, याचा हिशेब पाहावा. माणसाच्या एका पेशीतले डीएनए सरळ केले तर सुमारे दोन मीटर भरते. ते ज्या केंद्रकात मावते, तो एका मिलिमीटरचे दीडशे भाग केले तर त्यांतल्या एकाएवढा. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही बांधणी मांडली: चार जातींची हिस्टोने, प्रत्येकी दोन, अशा आठांचा एक मणी आणि त्याच्याभोवती डीएनएचे पावणेदोन वेढे. १९९७ साली क्ष-किरणांनी तो मणी अणूअणूपर्यंत दिसला. असे सुमारे तीन कोटी मणी एका पेशीत. शुक्रपेशी निघते लांबच्या प्रवासाला. म्हणून ती हे मणी बहुतांशी काढून टाकते आणि प्रोटामिनने आणखी आवळून बांधते. बंगळुरूच्या एम. आर. एस. राव यांनी हा बदल कसा होतो यावर अनेक वर्षे काम केले.

हे कापड निसर्गाने किती जपले आहे पाहा. गायीचे आणि वाटाण्याचे एच-४ हे हिस्टोन १९६९ साली ताडून पाहिले, तर १०२ अमिनो आम्लांपैकी फरक निघाला फक्त दोन ठिकाणी. नुसत्या फडक्याची कुणी अशी काळजी घेत नाही. कारण गाठ कुठे सैल आणि कुठे घट्ट, यावर कोणता कागद वाचला जाईल हे ठरते. ऑलफ्री यांनी १९६४ साली दाखवले की हिस्टोनवर छोटे रासायनिक गट चिकटतात, त्याने त्याचा भार कमी होतो आणि पकड ढिली पडते. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत दफ्तर एकच. रुमाल वेगळे सोडलेले. आणि कागद फाटला तर ती खबरही रुमालच देतो. डीएनए तुटले की त्या जागेच्या दोन्ही अंगांना, लाखो अक्षरांपर्यंत, एच-२-ए-एक्स नावाच्या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण उमटते आणि त्या खुणेवरून दुरुस्तीची मंडळी धावून येतात. हे कळले १९९८ साली. खूण उमटली नाही, तर तुटलेली टोके भलतीकडे जोडली जातात, आणि कर्करोगाच्या वाटा अशाच तुटीतून निघतात.

२०१२ साली तर रुमालाचा आरोपी म्हणूनच तपास झाला. लहान मुलांच्या मेंदूच्या देठात एक गाठ होते. जागा अशी, की शस्त्रक्रिया करता येत नाही आणि बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षेही काढत नाहीत. या गाठींपैकी बहुतेकांत एकच बिघाड सापडला: एच-३ या हिस्टोनच्या सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन. एका प्रथिनातला एक तुकडा बदलला आणि ज्या गाठी बंद राहायच्या त्या उघडल्या. कुठले अमिनो आम्ल किती, ते एकेक करून तोलत बसलेला मारबुर्गचा तो माणूस इथे आठवल्यावाचून राहत नाही. या बिघाडावर चालू शकतील अशा औषधांच्या चाचण्या आता जगात सुरू आहेत. आपल्या खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रातही हिस्टोनांवर काम होते.

परवा रविवारी उत्तनला गेलो होतो. ओळखीच्या मावशींकडे मोठा बांगडा कापून घेताना, नर निघाला तर पोटातला पांढरा भाग टाकू नका, मला पाहायचा आहे, असे सांगितले. मावशींनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग तिसऱ्या माशात सापडला तेव्हा केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून माझ्या हातात दिला. बोटभर लांब, गुळगुळीत, सायीच्या रंगाचा. पैसे घेतले नाहीत. वर मांजर पाळले आहे का, असेही विचारले.